भरल्या पाण्याचं झाकण

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

नावडे वसाहत,
चैत्र वद्य पंचमी, रविवार

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

नावड्याहून शहाजीचा दंडवत पोचावा. आम्ही उभयता इकडे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का, विहिरीला पाणी कितीसं राहिलं, मांडवाच्या मेढी आल्या का, आक्काची झोप होते का, हे सगळं सवडीने कळवावं. राजी वाळली असेल. लग्न ठरल्यावर मुली वाळतातच. (मी बाजारात मापाडी, माझ्या काट्यावर वाळलेला कांदा आणि ओला कांदा यांतला फरक मला डोळे मिटून कळतो, पण भाचीचं वजन घटलेलं मामाने काट्यावर बघू नये, म्हणून तुम्हालाच विचारतो.)

तुमचं आंतरदेशीय पत्र मिळालं. त्यात वाक्यं तीन. गाडी आणू नये. जीप सांगितली आहे. बाकी क्षेम. मी ते देवापुढे ठेवलं आणि दोनदा वाचलं. शालन म्हणाली, तिसरं वाक्य धरू नका, तो टोमणा आहे.

तुमचा राग रास्त आहे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला आणि आक्काला बस्त्यासकट पुण्याहून आणताना खंबाटकीच्या दुसऱ्या वळणावर गाडीने जी वाफ सोडली, ती तुमच्या नव्या फेट्याने सोसली आहे. तेवढ्यात मागून व्याह्यांची जीप आली. त्यांनी तुम्हा दोघांना हात धरून वर घेतलं, कुणी हसलं नाही, आणि कुणी हसलं नाही म्हणूनच तुम्हाला ते जास्त लागलं हे मला त्याच क्षणी कळलं. मी, शालन आणि साड्यांचं गाठोडं असे तिघं उसाच्या ट्रॉलीला बांधलेल्या गाडीतून दिवस मावळताना पोचलो. तुम्ही ओट्यावर होता. तुम्ही 'या' म्हणालात. त्यानंतर तीन महिन्यांत तुमच्याकडून आलेला मजकूर म्हणजे ही तीन वाक्यं.

पण दाजी, राजी पाच वर्षांची होती तेव्हा तुमच्या बैलगाडीच्या मागे पाय सोडून बसली होती, आणि मी तिला बोलून गेलो होतो की तुला सासरी मामाच्या मोटारीतून पाठवीन. तेव्हा माझ्याकडे सायकलदेखील नव्हती. पुढे आमच्या बाजारातल्या शेठनी त्यांची वापरून झालेली गाडी मला दिली, शेहेचाळिसाव्या वर्षी मी ती चालवायला शिकलो, आणि हे सगळं भैरोबाने कशासाठी घडवलं असेल याचा विचार करताना मला दरवेळी तो बैलगाडीतून लोंबणारा फ्रॉक आठवतो. म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी गाडी दुरुस्तीला नेली. पुढे काय झालं ते सविस्तर लिहितो. वाचून झाल्यावर जीपवाल्याला नाही म्हणून सांगावं, एवढंच मागणं आहे.

नावडे फाट्यावर फजलभाईंचं गॅरेज आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे, वडील मचव्यावर इंजिन बघायचे, वय माझ्याच आसपास. कपाळावर नमाजाचा डाग आणि हाताला ग्रीस, दोन्ही पुसून न जाणारी. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आपल्या गावचे वैद्य नाडी बघताना डोळे मिटायचे तसे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मापाडीशेठ, पाणी फिरतच नाय. पंप म्हातारा झालाय, वॉल अडकलाय, पायपांची तर काय गोष्टच नको."

आता मला इतकी वर्षं वाटत होतं की गाडी पेट्रोलवर चालते आणि पाणी आपलं गाडी तापू नये म्हणून डबक्यासारखं पुढे साठवलेलं असतं. तसं नाही. ते पाणी इंजिनाच्या अंगाअंगातून फिरतं, तिथली आग उचलतं, पुढच्या जाळीत येऊन वाऱ्याला देतं आणि पुन्हा आत जातं. खंबाटकी चढेपर्यंत त्याने किती प्रदक्षिणा घातल्या असतील याचा हिशेब फजलभाईंनाही सांगता आला नाही. आणि मध्ये एक वॉल असतो, पितळेचा, रुपयापेक्षा थोडा मोठा. पाणी गार असताना तो दार लावून बसतो. पाणी हवं तितकं तापलं की आपण होऊन उघडतो. मला खरं वाटेना. तर त्यांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि नवा वॉल तारेला बांधून आत सोडला. आम्ही दोघं पातेल्यात बघत बसलो. दाजी, तो उघडला. कुणी हात लावला नाही, कुणी काही म्हटलं नाही, हळूच पापणी उघडावी तसा उघडला, आणि बाहेर काढून धरल्यावर हळूच मिटला. मी नकळत हात जोडले. फजलभाई म्हणाले, "पाया पडू नका, अजून बसवायचाय." (त्या पातेल्यात नंतर चहा झाला. मी घेतला. देवाचं तीर्थ घेतो तसाच घेतला म्हणा ना.)

पंप बदलला, वॉल बदलला, पाइप बदलले. मला वाटलं झालं. पण खरं काम म्हणे पुढेच असतं. रिकाम्या झालेल्या गाडीत पाणी ओतलं की ते वरपर्यंत दिसतं, पण भरलेलं नसतं. आत कुठेतरी कोपऱ्यात हवा अडकून बसते. ती तिथे बसली की पाणी तिच्यापाशी येतं आणि थांबतं. मग नवा पंप असो, नवा वॉल असो, गाडी तापणार म्हणजे तापणार. मी वीस वर्षं पोती तोलतोय. शंभर किलोचं पोतं काय, धान्यातला ओलावा काय, जे आहे ते काट्यावर येतं, अशी माझी समजूत. आणि इथे जिला वजन नाही, रंग नाही, जी काट्यावर ठेवली तर काटा हलणार नाही, ती एवढ्या लोखंडाला घाटात उभं करते! दोन दिवस मी बाजारात पोती तोलताना मध्येच थांबत होतो. एका व्यापाऱ्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

ही हवा काढायची रीत अशी. गाडी सुरू ठेवायची. पाण्याचं झाकण उघडं ठेवायचं. बुडबुडे येत राहतात, पाणी खाली जातं, आपण वरून ओतायचं. बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. बस, एवढंच. फजलभाई म्हणाले, "हवेला ओढायचं नाय. तिला रस्ता उघडा ठेवायचा, ती आपली आपण जाते." आमच्या गावात हेच सांगायला कीर्तनकार तीन तास घ्यायचे आणि तरी लोक आळस द्यायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली, तांब्या माझ्या हातात दिला, आणि ते नमाजाला गेले. आता इथे मला आईचा विषय काढावा लागतो. तुम्ही जावई, पण तुम्हीसुद्धा आमच्या आईची बोलणी एकाच गोष्टीसाठी खाल्ली आहेत: रांजणावरची ताटली काढून पाणी प्यायलात आणि ताटली तशीच खाली ठेवलीत. भरलं पाणी उघडं राहिलेलं आईला खपत नसे. त्यात पाल पडते, नजर पडते, आणि देव त्या घरी पाणी पीत नाही. मी आणि आक्का रांगत होतो तेव्हापासून आमच्या हातांना ते वळण आहे. तर फजलभाई गेले. मी त्या पाण्याकडे बघत राहिलो. दोन-चार बुडबुडे आले. मग थोडा वेळ आले नाहीत. पाणी तोंडापर्यंत भरलेलं, वर धुळीचा रस्ता, तळोज्याचे टँकर धूळ उडवत चाललेले. मी झाकण घेतलं आणि घट्ट फिरवून बसवलं. कर्तव्य म्हणून बसवलं. फजलभाई आले, म्हणाले, "बुडबुडे थांबले?" मी म्हटलं, एकही दिसत नाही. दाजी, यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गाडी कळंबोलीला उकळली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळे पाइप पुन्हा तपासले आणि सांगितलं की सकाळी इंजिन गार असताना घरीच करा, वीस मिनिटं, झाकण उघडं. मी अंघोळ करून, गंध लावून, आमच्या इमारतीखाली उभा राहिलो. तोवर सूर्य वर आला, म्हणून मी तिकडे तोंड करून डोळे मिटले. उघडून बघतो तर शालन चहा ठेवून परत जिना चढत होती, आणि गाडीचं झाकण लागलेलं होतं. मला वाटलं, मीच लावलं असेल, म्हणजे काम झालं असेल. (काम झाल्याशिवाय मी झाकण लावणार नाही, असा माझ्यावर माझा तेव्हा विश्वास होता.)

त्या दिवशी गाडी नावडे फाट्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

फजलभाई ओढून न्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीस वर्षांत असं झालं नाही म्हणाले. "मापाडीशेठ, आता एकच राहिलं. इंजिनाचं हेड उघडावं लागेल. मुंबईला पाठवायचं, घासून आणायचं. महिना पकडून चाला." मी म्हटलं, लग्न वीस दिवसांवर आलंय. मी घरी आलो, भैरोबापुढे बसलो आणि नवस बोललो. गाडी राजीला घेऊन खंबाटकी चढली तर पाच नारळ. शालन मागून म्हणाली, "देवाला गाडीतलं काय कळतंय? फजलभावजींना बोला नवस." मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी एक नारळ खरंच त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "एकदा शेवटचं. हेड खोलायच्या आधी तोंड वर करून बघू."

फाट्याच्या पलीकडे एक पूल बांधायला घेतलेला आहे. रस्ता जमिनीवरून उठतो, चढतो, चांगला उंच जातो आणि अचानक संपतो. पुढे आभाळ. (त्यावर अजून तरी बकऱ्यांशिवाय कुणी जात नाही.) आम्ही गाडी त्या चढावर नेली, चाकांना दगड लावले. हवा नेहमी उंचाकडे जाते, म्हणून गाडीचं तोंड सगळ्यांत वर पाहिजे, म्हणजे आतली लपलेली हवा उठून तिथे येते. बॉनेट उघडं, झाकण उघडं, खाली सगळी खाडीकडची जमीन उन्हात पसरलेली, आणि गाडी आभाळाकडे आ वासून उभी. फजलभाई गाडी सुरू करून पाण्याचा डबा आणायला खाली उतरले. जाताना तीनदा म्हणाले, झाकण नको. मी तीनदा हो म्हणालो. ते परत वर आले आणि थांबले.

"शेठ, हे कुणी लावलं?"

मी बघितलं. झाकण लावलेलं होतं. मी म्हटलं, मी नाही. ते म्हणाले, "इथं तुमी हाय आणि ही बकरी हाय." आम्ही दोघांनी बकरीकडे बघितलं. मग मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो ओला होता.

दाजी, पन्नाशी जवळ आली, पण स्वतःच्या हाताची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. आई, रांजण, ताटली, पाल. नमाजाच्या वेळी मीच लावलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस पाना फेकून मारणार. ते खाली दगडावर बसले. बराच वेळ खांदे हलत होते, मला वाटलं रडतायत. मग डोळे पुसून म्हणाले, "माझी अम्मी पण असंच. घड्यावर कटोरा उपडा नसला तर जेवायला नाय द्यायची." आणि उठले, झाकण काढलं, फडक्यात गुंडाळलं, स्वतःच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. "आता हात मागे बांधून उभे राहा. शाळेत उभं करायचे ना, तसे."

मी तसा उभा राहिलो. आणि त्या पुढच्या अर्ध्या तासात जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगू हेच कळत नाही, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. त्या छोट्या गोल तोंडात पाणी थरथरत होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं, बांगडीएवढं. फजलभाई पाइप हाताने हळूहळू दाबत होते, गाईचं आचळ दाबावं तसे. एक बुडबुडा आला. मग पुष्कळ वेळ काही नाही. (माझा हात मागे तडफडत होता. पाणी भरलेलं, स्थिर, उघडं! मी भैरोबाचं नाव घेत राहिलो.) मग इंजिनाच्या आत कुठेतरी त्या वॉलने पापणी उघडली असावी. कारण एकाएकी सगळं पाणी खाली गेलं. गप्पकन. जसा तहानलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावून पहिला घोट घ्यावा. आणि आतून हवा आली. एक मोठा ढेकर, आभाळ फुटलं, आणखी एक, मग बारीक बारीक, मग मोहरीएवढे, आणि मग काही नाही. तांब्यावर तांब्या ओतत गेलो, त्यांनी मला तेवढ्यापुरता एक हात सोडू दिला होता. दोन तांबे पाणी मावलं, दाजी! जी गाडी काठोकाठ भरलेली म्हणून मी दोनदा झाकली, तिच्यात दोन तांब्यांची पोकळी होती. मी झाकत होतो ते पाणी नव्हतंच, मी त्या हवेलाच घरात कोंडून वर पहारा देत होतो.

पाणी आता हलेना. आभाळ पुन्हा बांगडीत येऊन बसलं. फजलभाईंनी आत हात घालून हीटर लावला आणि मला म्हणाले, पायाशी हात धरा. ऊन वारा आला, चुलीपुढे बसल्यासारखा. म्हणजे पाणी अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं. तापमानाचा काटा अर्ध्यावर जाऊन उभा राहिला तो उभाच. आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत राहिलो. बकरीसुद्धा चरायची थांबली होती, असं मला वाटतं. आईने सांगितलेलं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पाणी झाकावंच. पण झाकायच्या आधी ते खरंच भरलंय का, हे बघायला थोडं थांबावं लागतं, एवढं ती सांगायची राहून गेली असेल, किंवा तिला बारा माणसांचं घर होतं, थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी शालनला सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी इमारतीखाली झाकण कुणी लावलं असेल, असं मी सहज म्हणालो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी. मग काय उघडं पाणी तसंच ठेवायचं? सासूबाईंनी मला घरात घेतली असती का?"

त्यानंतर गाडी तळोज्याला गेली, पनवेलला गेली, खंडाळ्याचा घाट चढून वर जाऊन आली, काटा अर्ध्यावर. फजलभाईंनी हेडचं नाव पुन्हा काढलं नाही. तेव्हा दाजी, जीपवाल्याला नाही म्हणून सांगावं. राजीला मी माझ्या गाडीतून सासरी पुण्याला पोचवीन. तुमचा फेटा कोरडा राहील याची हमी देतो.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. लिहिण्यात काही आगळीक झाली असेल तर मेव्हण्याची म्हणून पोटात घालावी.

तुमचा,
शहाजी

ता. क. गाडी मांडवाशी उभी असेल तेव्हा आक्काला तिच्याजवळ फिरकू देऊ नये. कारण सांगू नका, तिला वाईट वाटेल. पण एकाच आईने दोघांना वाढवलंय. बॉनेट उघडं दिसलं तर तिचा हात राहणार नाही.

दुसरा ता. क. फजलभाईंना पत्रिका तुमच्या स्वतःच्या हातची पाठवावी, पत्ता नावडे फाट्यावरचं गॅरेज एवढा पुरे. ते लग्नाला येतायत. मला म्हणाले, साताऱ्याकडचं लग्न बघितलं नाय. शालनने विचारलं तेव्हा तिला खरं कारण सांगितलं: "वहिनी, घाटात झाकण काढायची येळ आली तर हे परत लावतील." झाकण पुण्यापर्यंत त्यांच्या खिशात राहणार नाही, गाडीवरच असेल, पण त्याला हात फक्त त्यांचा लागेल असं ठरलं आहे.

शेवटचा ता. क. पिनकोड बघायला तुमचं आंतरदेशीय उलटं केलं, तर आतल्या घडीत पेन्सिलीने बारीक अक्षरात राजीने लिहिलेलं सापडलं. हे तुम्ही वाचलेलं नसणार, म्हणून जसंच्या तसं उतरवतो: "मामा, जीप बाबांनी सांगितलीय, मी नाही. गाडीच आणा. घाटात थांबली तर मी उतरून ढकलीन, शालू मळला तरी चालेल." हे वाचल्यापासून माझा धीर सुटला आहे. तेव्हा वर काहीही लिहिलं असलं तरी जीपवाल्याला नाही म्हणू नका. जीप आमच्या मागे शंभर पावलांवर, रिकामी येऊ द्या, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. तिच्यात पाण्याचे दोन हंडे ठेवा. ते मात्र झाकून आणा.